सासूबाईंना फ्लूची लस दिली तरी ताप आला, वय झालं की लस लागू पडत नाही काय?

खानापूरची सून:
नमस्कार, सासूबाई 78 च्या, शुगर आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावला नेऊन फ्लूची लस दिलेली, तरी ऑगस्टात ताप-खोकला झालाच आणि टेस्टमध्ये फ्लूच निघाला. आता डॉक्टर परत घ्या म्हणायलेत, घरचे म्हणायलेत कशाला उगाच पैसे घालवायचे, आणि सासूबाई म्हणतात माझ्या अंगाला आता काय लागू पडतंय. म्हाताऱ्या माणसांत लस खरंच काम करत नाही काय? नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

टिळकवाडीचा लॅबवाला:
ताई, काम करते, पण तरुण माणसाएवढी नाही. छातीत थायमस म्हणून ग्रंथी असते, तिथं नव्या टी पेशी तयार होतात, ती वयाबरोबर आकसत जाते, मग नवा विषाणू ओळखणाऱ्या ताज्या पेशी कमी पडतात आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना त्यांची जी मदत लागते ती पण कमी मिळते. म्हणून त्याच डोसला अँटीबॉडी कमी बनतात आणि लवकर उतरतात. लस घेतल्यावर दोन आठवडे तरी द्यावे लागतात, म्हणून पाऊस लागायच्या आधीच घ्यायची. आणि एक विचारतो, मागच्या वेळी ॲडमिट करावं लागलं काय?

खानापूरची सून:
नाही ओ, घरीच बऱ्या झाल्या. अशक्तपणा मात्र बरेच दिवस होता.

टिळकवाडीचा लॅबवाला:
मग तेच बघा की. एकट्या माणसावरून लसीमुळंच वाचल्या असं मी म्हणणार नाही, पण या वयात लस मुख्यतः न्यूमोनिया, ॲडमिट होणं, आयसीयू हे टाळायला देतात, साधा ताप येऊ शकतो. शुगरवाल्यांना तर फ्लू जास्तच जड जातो. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट वाढतो असं कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात दिसलंय. घरच्यांना हे जरूर सांगा.

निपाणीकर:
अजून एक गोष्ट, माणसाला लहानपणी पहिला जो फ्लू होतो त्याची आठवण शरीर जन्मभर धरून ठेवतं. इन्फ्लुएंझा ए म्हणून जो फ्लू असतो त्याच्या एच1एन1 आणि एच3एन2 अशा जाती आहेत. 1957 च्या आधी जन्मलेल्यांना पहिला भेटला तो एच1एन1 च्या जातीचा, आणि एच3एन2 आला 1968 ला. 2009 चा स्वाइन फ्लू पण एच1एन1 च होता, म्हणून त्यात बऱ्याच म्हाताऱ्यांच्या अंगात थोड्या जुन्या अँटीबॉडी होत्या आणि तरुण जास्त आजारी पडले, पण एच3एन2 चं वर्ष असलं की म्हातारी माणसंच जास्त ॲडमिट होतात. तो बदलतो पण भराभर, त्याच्यावर लस पण कमी चालते. मागच्या वर्षी कुठला होता रिपोर्टवर बघा.

वडगावची मावशी:
अमेरिकेत 65 च्या वरच्यांना चौपट ताकदीची लस देतात, साध्या लसीत प्रत्येक जातीचे 15 मायक्रोग्रॅम असतात तर त्यात 60. अमेरिका-कॅनडातल्या सुमारे 32,000 म्हाताऱ्या माणसांवर ट्रायल झाली, त्यात साध्या लसीपेक्षा फ्लू सुमारे 24 टक्के कमी झाला. आपल्याकडं मिळते काय ते डॉक्टरांनाच विचार गं, पण तिची वाट बघत साधी लस पुढं ढकलू नकोस. आणि सासूबाईंजवळ झोपणारी नातवंडं, तू, तुझे मिस्टर, तुम्ही पण घ्या. शाळेतली पोरंच घरात फ्लू आणतात.

खानापूरची सून:
नातवंडांचं डोक्यातच नव्हतं मावशी, धाकटी तर त्यांच्याच अंथरुणात असते. रिपोर्टवर नुसतं इन्फ्लुएंझा ए लिहिलंय. पोरांना घेऊन सगळ्यांनीच जाऊया म्हणून आज रात्री ह्यांच्याशी बोलते.