क्लबहाउसचा फलक आणि मुंबई सिटीचे चषक

बी-३०२: क्लबहाउसमध्ये मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा फलक रंगवलाय. इंडियन सुपर लीगच्या ओळीत लिहिलंय 'आयएसएल विजेते, ४ वेळा'. साफ चूक. दाखवून तरी घ्यायचा होता कुणाला.

सेक्रेटरी: काका, ट्रॉफ्या चारच आहेत ना? पोरांनी हौसेनं केलंय.

बी-३०२: हौसेचं कौतुकच आहे. पण त्या सीझनना साखळीत पहिला त्याला शील्ड, नंतरच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, फायनल जिंकणाऱ्याला कप. शील्ड २ (२०२०-२१, २०२२-२३), कप २ (२०२०-२१, २०२३-२४). एकाच सीझनची दोन बक्षिसं 'दोन वेळा' कशी होतील?

ए-७०४: २०२२-२३ ला तर २० सामन्यांत ४६ गुण होते!

बी-३०२: म्हणून शील्ड. कप नाही, सेमीफायनलला बेंगळुरूनं पेनल्टीवर काढलं. पुढच्या वर्षी उलटं. शेवटच्या सामन्यात मोहन बागानकडून १-२ हरून शील्ड गेली, मग त्यांच्याच कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ३-१ नं कप आणला.

सी-१०१: पाणी किती वाजता येणार?

ए-७०४: ताई, पाण्याचा ग्रुप वेगळा आहे.

सी-१०१: तिथे कुणी उत्तर देत नाही, म्हणून इथे विचारलं.

डी-५०३: मुंबईचा जुना क्लब महिंद्रा युनायटेड कुठाय? नॅशनल लीग २००५-०६, फेडरेशन कप २००३ आणि २००५, ड्युरंड कप १९९८, २००१, २००८. कूपरेजचं मैदान विसरलात सगळे?

बी-३०२: दादा, महिंद्रा २०१० ला बंद झाला, मुंबई सिटी २०१४ ची. एकाचे चषक दुसऱ्याच्या खात्यात घालता येत नाहीत. शील्ड २, कप २.

डी-५०३: मग त्यांचाही फलक लावा. भिंत मोकळीच आहे.

ए-२०२: ड्युरंड २०२२ पण लिहिलंय.

बी-३०२: फायनल १-२ हरलो ती. 'उपविजेते' असा रकाना वेगळा करा. आणि २०२०-२१ ची शील्ड 'गोलफरकावर' लिहिलीय, तेही चूक. एटीके मोहन बागानचेही (मोहन बागानचं तेव्हाचं नाव) आपल्याइतकेच ४० गुण होते. आपसातले दोन्ही सामने आपण जिंकले, १-० आणि २-०. नियमात आधी तेच बघतात.

ए-७०४: फायनलही त्यांच्याशीच. गोव्यात फातोर्ड्याला, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल!

सेक्रेटरी: सगळा फलक पुन्हा रंगवायचा? खर्च कोण करणार?

बी-३०२: चुकलेल्याच ओळी. ऑइल पेंट ओला असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं निघतो. वाळला असेल तर पॉलिश पेपर मारून पांढऱ्याचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच अक्षरं. घाई केली तर जुना निळा वर येतो. शील्ड २, कप २.

डी-५०३: आणि महिंद्रा?