आंदो शिकला नाही म्हणे! मग ते काय होतं?

साइटवाली: काल इथे कुणी लिहिलंय, जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदो आधी बॉक्सर होता, आर्किटेक्चर कॉलेजची पायरी चढला नाही तरी १९९५ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळवलं, म्हणजे पोरांची कॉलेजची पाच वर्षं वाया. डोकंच फिरलं वाचून. अहो, रात्रीचे ड्रॉइंगचे क्लास केले, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ल कोर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टचं पुस्तक आणून त्यातले प्लॅन पानं काळी होईपर्यंत गिरवले, १९६५ला युरोपभर इमारती बघत हिंडला, तेव्हा कुठे १९६९ला ओसाकात ऑफिस. आणि आपल्याकडे १९७२चा कायदा आहे, नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, पोरांना काय सल्ला देताय?

पोराचा बाप: ते मीच लिहिलं. पाच वर्षं फी भरली, कॉलेजने पोराला एकदा साइटवर नेलं नाही. मग वाया नाही तर काय?

वाड्यातला: मुळात आंदोला एवढं डोक्यावर का घेता? ते त्याने बांधलेलं १९७६चं ओसाकातल्या सुमियोशीचं घर, साडेतीन मीटरसुद्धा रुंद नाही आणि मधला तिसरा हिस्सा उघडा, रात्री बेडरूममधून संडासला जायचं तर पावसात छत्री घ्या. आमच्या वाड्यातही संडास चौकापलीकडे. आजी ओल्या फरशीवर घसरली, खुबा मोडला, परत उठली नाही. उघड्या चौकाचं कौतुक मला सांगू नका.

ओसाकाकर: वाईट झालं. पण वाड्यात चौकाभोवती निदान पडवी असते, इथे तीही नाही, म्हणजे तुमचंच म्हणणं पक्कं होतं, मान्य. तरी तिथली चाळ बघा, भिंतीला भिंत, खिडकी काढणार कुठे? उजेड-वारा आणायला चौकच उरतो. आणि ते कुटुंब वर्षानुवर्षं तिथे राहिलं.

वाड्यातला: तरुणपणी राहतात हो. साठीनंतर छत्री धरून जिने उतरायचे?

ओसाकाकर: मग सगळ्यांनी टॉवरमध्येच राहायचं का? माझ्या फ्लॅटमध्ये दिवसा लाइट लावावा लागतो!

साइटवाली: संडासावरून खाली या दोघं. आंदो तसल्याच चाळीत आजीजवळ वाढला, समोर सुताराचं दुकान, लहानपणी तिथेच पडीक. चौकाचं शिक्षण तिथलं. त्यालाच पुढे १९९७ला तोक्यो विद्यापीठाने प्रोफेसर केलं.

पोराचा बाप: बरं, ‘वाया’ शब्द मागे घेतला. पण सुताराचं दुकान त्याला मिळालं, माझ्या पोराला कुठे मिळालं?

साइटवाली: हे मात्र खरंय, कॉलेजं इथे कमी पडतात. पाठवा त्याला, सोमवारी स्लॅब आहे, सकाळी सहाला. आंदोचं काँक्रीट आवडतं ना, आधी शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, कसं बांधतात ते बघू दे.