मदत हवी आहे: जंगल झिजल्याचा हिशोब रुपयांत कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी, एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यात, जंगलाला लागूनच, म्हणून प्रोजेक्टला हाच विषय हट्टाने घेतला आणि आता तीन आठवडे एकाच जागी अडकलेय.

साग तोडून विकला की पैसे जीडीपीत धरतात, पण उभं झाड गेलं ते कुठेच वजा होत नाही. मशीन झिजलं तर घसारा धरतात ना, मग जंगलाला का नाही? अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इंडोनेशियाचा असा हिशोब केला होता, १९७१ ते १९८४ मध्ये जीडीपी वर्षाला ७.१ टक्क्यांनी वाढत होता, तेल, लाकूड आणि मातीची झीज वजा केल्यावर वाढ उरली ४ टक्के. मला भारताचा फक्त जंगलाचा भाग करायचाय.

वर्ल्ड बँकेच्या पद्धतीत नैसर्गिक वाढीपेक्षा जास्त जेवढं लाकूड निघालं तेवढीच झीज, आणि वाढ जास्त असेल तर झीज शून्य. मोहफुलं, तेंदू (विडीची पानं), नाल्याचं पाणी यातलं काहीच नाही. आमच्याकडे तर घरं त्यावर चालतात हो! दुसरीकडे वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवताना भरून घेतात तो एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य), २०२२ पासून हेक्टरी जास्तीत जास्त साधारण १५.९५ लाख रुपये. गेलेले हेक्टर गुणिले हा दर, असं चालेल का? पण हेक्टर तरी कुठून आणू, २०२३ चा वन सर्वेक्षण अहवाल म्हणतो वनाच्छादन १५६ चौरस किमी वाढलंय. त्यात एक हेक्टरच्या वरचा आणि झाडांच्या फांद्या-पानांचं किमान १० टक्के छत्र असलेला कुठलाही तुकडा जंगल धरतात, रबराचे मळेसुद्धा. मग झीज दाखवू कशी? प्लीज कोणीतरी सांगा, गाईडना पुढच्या आठवड्यात दाखवायचंय.

प्रतिसाद:
ताई, निव्वळ आकडा घेऊच नका. त्याच अहवालात बदलाचा तक्ता असतो, किती अतिघनदाट जंगल मध्यम झालं, किती मध्यमचं विरळ झालं, किती पार गेलं. एनपीव्हीचे दरही घनतेप्रमाणे वेगळे आहेत, तेव्हा अतिघनदाटचं विरळ झालं तर दोन दरांतला फरक धरा. आधी जंगल नव्हतं असं नवीन आलेलं क्षेत्र वेगळ्या रकान्यात ठेवा, त्याने जुन्या जंगलाची झीज झाकू नका. आणि एक जपा, एनपीव्ही म्हणजे पुढच्या बऱ्याच वर्षांच्या फायद्याची आजची किंमत, त्यात गौण वनोपज (लाकूड सोडून मिळणारं मोह, तेंदू वगैरे) आणि पाणी आधीच धरलंय. वरून त्याच हेक्टरचे मोह-तेंदू परत बेरजेत धरलेत तर दोनदा मोजलं जाईल.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार, तक्ता सापडला! दोनदा मोजायची चूक मी अगदी करणारच होते. आता आमच्या भागाचं एक छोटं प्रकरण वेगळं जोडतेय, एनपीव्हीचे दर न घेता खऱ्या भावांवर. तेंदूचं जमेल, ग्रामसभा स्वतः लिलाव करतात त्यामुळे भाव कागदावर आहेत. पण मोह बराचसा घरातच राहतो, आणि एप्रिलमध्ये गरजेपोटी पडत्या भावात विकलेला तोच मोह पावसाळ्यात बाया चढ्या भावाने परत विकत घेतात. यातला कुठला भाव धरू?