माळवदाचा वाडा भूकंपासाठी मजबूत करायचाय, पण रूप न घालवता

औसेकर: औसा तालुक्यात आमचा पणजोबांच्या काळातला वाडा आहे, दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी खण (खांब-तुळयांचा सांगाडा), वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मागची भिंत पडली, बाकी वाचलं. आता दुरुस्ती काढलीय तर इंजिनिअर म्हणतो माळवद उतरवा, त्याच भिंतींवर आरसीसी स्लॅब टाका, बाहेरून सिमेंट प्लास्टर मारा. मग देवळ्या, ओसरी, कोरलेले खांब सगळं गेलंच की! दुसरा मार्ग आहे का?

जुनी_भिंत: मातीत बांधलेल्या भिंतींवर स्लॅब अजिबात नको. तुमची भिंत दिसते एक, पण असतात दोन, आतली आणि बाहेरची, मधे गोटे न् माती कोंबलेली. दोन्हींना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक नसतातच, म्हणून हादरा बसला की भिंत फुगते आणि बाहेरचा थर सुटतो. उपाय म्हणजे साधारण मीटरभर अंतरावर दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं (ठोकाठोकी नको, सगळी भिंत खिळखिळी होईल), दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिमीची सळई घालून काँक्रीट भरायचं. तोंडाशी जुनाच दगड बसवला तर कळतही नाही.

मामाच्या_गावचा: आमच्या आजोळी त्या पहाटे भिंती कोसळल्या पण काही घरांचे खण तसेच उभे होते, त्यामुळे लाकूड काढू नका राव. खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्या. आणि आधी माळवदावर माती किती आहे ते मोजा, दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सात टन डोक्यावर!

औसेकर: आणि ते भिंतीवर तारेची जाळी ठोकून सिमेंटचे पट्टे मारतात ते? दर्शनी दगड झाकला जाईल ना?

जुनी_भिंत: आतून मारा, तिथे तसंही प्लास्टर असतं. दर्शनी बाजूला छताखालून लोखंडी सळ्या ओढून समोरासमोरच्या भिंती बांधून घ्या, बाहेर फक्त छोट्या पट्ट्या दिसतील. दगडांमधल्या दरजा (फटी) चुन्याने भरा, सिमेंटने ओल आत कोंडते. माती वीतभर ठेवा, खाली प्लास्टिक, म्हणजे गळणार नाही.

औसेकर: मोजली. कोपऱ्यात पावणेदोन फूट भरली. काकांना सांगितलं तर म्हणतात, गळतंय म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी मीच तर पांढरी माती टाकत होतो.