मदत हवी आहे: मार्च निम्मा झाला, हेज आता आडवी घालावी का?

कुरणकर:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये लहान फार्मवर ६० मीटर जुनी हेज, म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण आहे. बहुतेक हॉथॉर्न, मधे ब्लॅकथॉर्न (दोन्ही काटेरी झुडपं), एका टोकाला बिनकाट्याचं एल्डर. उंची साडेतीन मीटर, खोडं मनगटाएवढी, खालचे दोन फूट अगदी उघडे. आत गोऱ्हे चरतात, पलीकडे रस्ता. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायल्या की कोकरांसकट इथेच सोडायच्या आहेत. ती आडवी घालायचं, म्हणजे खोडं बुडाशी अर्धवट कापून वाकवायचं काम आता काढलं तर कायद्यात बसेल का? खोड वाकवताना कडकन मोडतं ते कशाने? मेढ्या, म्हणजे आधाराच्या उभ्या काठ्या, किती लागतील?

बांधावरचा:
इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट हेज छाटायला बंदी आहे, पण आडवी घालायला आणि बुडातून तोडायला ३० एप्रिलपर्यंत मुभा आहे. तरी वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने केव्हाही गुन्हाच. रोज काम सुरू करण्याआधी पुढचा टप्पा नीट न्याहाळा. घरटं दिसलं की तिथे थांबायचं. माझ्या मते सगळे ६० मीटर आत्ता काढू नका. नवख्या हाताचे दिवसाला ५-६ मीटर झाले तरी पुष्कळ. रस्त्याकडची सर्वात विरळ २० मीटर आता करा, बाकी ऑक्टोबरनंतर.

कोयतेवाला:
सहमत. आता मोडण्याबद्दल. घाव आखूड आणि आडवा बसला की बिजागरी तयारच होत नाही, खोड तुटतं. घाव वरून खाली तिरका हवा, लांबी खोडाच्या जाडीच्या तिप्पट तरी. ८ सेंमी खोडाला साधारण २५ सेंमी. जमिनीलगत पोचेपर्यंत तासत जा, शेवटी साल आणि तिच्या आतलं थोडं ओलं लाकूड एवढीच पट्टी राहू द्या, तीच बिजागरी. रस त्या पट्टीतून वर जातो. पट्टी जाड राहिली तर वाकवताना खोड वरपर्यंत उभं चिरतं. पातळ झाली तर वाऱ्याने सुटतं. रात्री पाणी गोठवणारी थंडी पडली असेल त्या सकाळी हात लावू नका, लाकूड ठिसूळ असतं.

खोड साधारण ३५ अंशांवर टेकवा, पूर्ण आडवं नको. जमिनीला चढ असेल तर चढाच्या दिशेने. मागे उरलेला खुंट जमिनीलगत तिरका तासा, पाणी निथळलं पाहिजे. ही पायरी लोक हमखास गाळतात. खुंट उंच ठेवला तर धुमारे वरून फुटतात आणि बूड पुन्हा उघडंच राहतं, म्हणजे सगळी मेहनत वाया.

मध्य इंग्लंडच्या मिडलँड पद्धतीत फांद्यांचा झुपका जनावरांच्या बाजूला ठेवतात, म्हणजे गोऱ्ह्यांचं तोंड बुडातल्या कोवळ्या फुटीपर्यंत पोचत नाही. एल्डर मात्र मुळासकट काढा. तो लवकर मरतो आणि भगदाड सोडतो. वेली, ब्रॅम्बल (काटेरी रानझुडूप) आधी उपसा. ब्लॅकथॉर्नला जाड चामडी हातमोजे हवेतच. काट्याचं टोक बोटात राहिलं तर सांधा सुजतो, वेळीच डॉक्टरांना दाखवा.

कुरणकर:
खूप उपयोग झाला. मेढ्यांचा हिशोब? आणि कोकरांचं काय?

बांधावरचा:
मेढी दर ४५ सेंमीला. २० मीटरला ४५ धरा, मोडतोडीला ५ जास्त. हेझल किंवा ॲश झाडाच्या, दीड मीटर लांब, ३-४ सेंमी जाड. वरून वेणी घालायला हेझलचे अडीच-तीन मीटरचे लवचीक फोक, नगही साधारण तेवढेच. वेणीने मेढ्या एकमेकींना धरून राहतात, गोऱ्ह्याने अंग घासलं तरी एकटी मेढी हलत नाही. वेणी ताणून बसवल्यावर मेढ्यांची टोकं एका रेषेत कापा.

कोकरं मात्र नव्या हेजच्या भरवशावर सोडूच नका. पहिल्या वर्षी बुडातून सहज निसटतात, आणि मेंढ्या धुमारे कुरतडतात. हेजपासून १ मीटर आत विजेची जाळी लावा आणि दोन-तीन हंगाम हलवू नका.

कोयतेवाला:
एल्डरच्या जागी उघड्या मुळांची हॉथॉर्न रोपं, ४०-६० सेंमी उंचीची, मीटरला ५, दोन ओळींत नागमोडी. मार्चअखेरच्या आत, कळ्या फुटण्याआधी. तिथली जुनी मुळं खणून नवी माती भरा, नाहीतर जुन्या झाडांच्या मुळांपुढे रोपं तग धरत नाहीत. कुरण २ हेक्टरपेक्षा मोठं असेल तर वसंतातलं खत टाकताना हेजच्या मध्यापासून २ मीटर सोडा, तोही नियम आहे.

कुरणकर:
आभार दोघांचे. शनिवारी ब्रॅम्बल उपसून रस्त्याकडून सुरुवात करतो. जाळी आजच मागवतो.