शाळेत क्रॉस कंट्री ठेवलीय, पालकांना कामं कशी वाटून द्यायची?

फोंड्याकडची आई

नमस्कार सगळ्यांना. आमची शाळा गोव्यात फोंडा तालुक्यात आहे, यंदा पहिल्यांदाच आठ शाळांची क्रॉस कंट्री, म्हणजे रानाशेतातून धावायची शर्यत, आमच्याकडे होणारे, दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी. मुलं सव्वादोनशेच्या आसपास. १४ वर्षांखालचे मुलगे आणि मुली २ किलोमीटर, १७ वर्षांखालचे ४ किलोमीटर, म्हणजे चार रेस. २ किलोमीटरचा एकच राउंड आखलाय, मोठी मुलं तोच दोनदा मारणार. ग्राउंडवरून सुरुवात, मग मागच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) चढ, तिथून खाली एका कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) कडेची पायवाट, पुढे सरदाचं म्हणजे पावसाळी पीक कापून रिकामं झालेलं शेत, एका ठिकाणी गावचा डांबरी रस्ता ओलांडायचा आणि परत ग्राउंडवर. जमिनीच्या मालकांची परवानगी घेतली, पंचायतीलाही पत्र दिलंय.

शाळेत पीटी सर एकच आहेत. पीटीएच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर ४१ पालकांनी हात वर केले, मला खरंच भरून आलं. पण सगळे म्हणतात काय पण काम द्या, आणि विचारलं तर निम्म्यांना पाण्याच्या टेबलावर उभं राहायचंय नि उरलेल्यांना फिनिशला. आमच्यातल्या कोणीच क्रॉस कंट्री जवळून बघितलेली नाही. कुठे किती माणसं लागतात, आणि कुठलं काम कुणालाही देऊन चालत नाही ते सांगा प्लीज.

जुने पीटी सर, डिचोली

ताई, ४१ माणसं भरपूर झाली, फक्त प्रत्येकाला एक काम, एक जागा आणि एक वेळ द्या. "मदतीला या" असं सांगितलेला माणूस मंडपाजवळच घुटमळतो हे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत बघितलंय.

सगळ्यात अवघड जागा फिनिश, कारण क्रॉस कंट्रीत वेळेपेक्षा नंबर महत्त्वाचा. टीमचा निकाल नंबरांच्या बेरजेवर लागतो, ज्या टीमची बेरीज कमी ती जिंकते. समजा पहिले चार धरायचे ठरलं आणि एका शाळेचे १, ४, ९, १२ आले तर बेरीज २६, दुसरीचे २, ३, ७, १५ आले तर २७. एका नंबराने ट्रॉफी गेली. म्हणजे बारावा कोण नि तेरावा कोण ह्यात जरा जरी घोळ झाला तरी त्या मुलांवर अन्याय होतो, आणि नंतर तो कुणाला दुरुस्त करता येत नाही. किती मुलं धरायची ते एंट्री मागवतानाच सगळ्या शाळांना लेखी कळवा. चारपण धरतात, पाचपण धरतात, पण त्या दिवशी सकाळी त्यावर वाद नको.

फिनिश लाइनच्या पुढे बांबू रोवून दोरीने एक अरुंद गल्ली करा, तोंडाला रुंद आणि पुढे जेमतेम एका मुलाची, वीसेक मीटर तरी लांब. लाइन ओलांडली की ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने मुलं गल्लीतून चालत जातात, आत ओव्हरटेक नाही. तोंडावर दोन धीराचे पालक, मुलं थकून थांबतात किंवा खाली बसतात, त्यांना उठवून हळूच पुढे सरकवायचं. गल्लीच्या शेवटी एक पालक १, २, ३ लिहिलेली कार्डं क्रमाने हातात देतो. पुढच्या टेबलावर कार्ड घेऊन त्यावर चेस्ट नंबर लिहायचा. शिवाय लाइनवर दोघांची वेगळी जोडी, एकाने येणाऱ्याचा चेस्ट नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर लिहीत जायचं. आणि एकाने बाजूला स्टँडवर मोबाईल लावून पूर्ण रेसचं व्हिडिओ शूटिंग. तिन्ही जुळलं की निकाल पक्का. फिनिशला आठ-नऊ माणसं लागतील आणि चारही रेसना तीच ठेवा, बदलू नका.

चेस्ट नंबर नावाप्रमाणे पुढेच लावायचा, पाठीवर नको. एकाला चार पिना, म्हणजे सव्वादोनशे मुलांना ९००, वर शंभरेक जादा आणून ठेवा. आणि पावसात पण न फुटणाऱ्या पेनाने लिहा, घामाने शाई उतरते.

धावणाऱ्या मुलीचा बाबा

सरांनी फिनिशचं सांगितलं, मी वळणांचं सांगतो कारण त्याचा चटका आम्हाला बसलाय. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या रेसमध्ये माझी मुलगी दुसरी होती, सड्यावर एका फाट्यावर उभा असलेला पालक आपल्या मुलाचा फोटो काढायला पन्नास पावलं पुढे गेला, फाट्यावर कोणीच नाही, पुढची पाच मुलं सरळ गेली आणि मागची बरोबर वळली. पाचही जणांना निकालातून काढलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही धड. तो माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की त्याच्या जागेवर काय अवलंबून आहे.

म्हणून माझं म्हणणं, ज्याचं मूल ज्या रेसमध्ये धावतंय त्याला त्या रेसला वळणावर ठेवूच नका. त्याला ती रेस मोकळी द्या, बिनधास्त ओरडू दे, बाकीच्या तीन रेसना काम करू दे. एका वळणावरून पुढच्या वळणावरचा माणूस दिसला पाहिजे, सड्यावर आणि शेतात हे जमतं, कुळागरात झाडी असते तिथे जास्त माणसं लागतील. मार्शलने, म्हणजे वळणावरच्या माणसाने, कोपऱ्यावर उभं न राहता चुकीच्या वाटेच्या तोंडावरच आडवं उभं राहायचं आणि हाताने दिशा दाखवायची, मुलगा दमलेला असतो, त्याला शब्द ऐकू येत नाहीत पण माणूस आडवा दिसला की तो आपोआप वळतो. चुकीची वाट दोरीने बंदपण करा. फक्की आदल्या संध्याकाळी मारली तर दवाने पुसट होते, सकाळी परत एक हात मारावा लागतो.

आणि शेवटच्या मुलामागे एक सायकलवाला किंवा चालणारा पालक हवाच हवा. तो गेल्याशिवाय कुठल्याही मार्शलने जागा सोडायची नाही. सुरुवातीला किती सुटली आणि फिनिशला किती आली हा आकडा जुळला की मगच पुढची रेस.

नर्सकाकी

मी फर्स्ट एडला तीन-चार शाळांच्या स्पोर्ट्सना बसलेय, तेवढंच सांगते. नोव्हेंबरात सकाळ गार वाटते पण आपल्याकडची हवा दमट, घाम सुकत नाही, नऊनंतर सड्यावर तर जांभा दगड तापायला लागतो आणि सावली नाही. पहिली रेस सातला सोडा, शेवटची साडेआठच्या आत सुटली पाहिजे, भाषणं बक्षिसाच्या वेळी.

फर्स्ट एडची एक जागा फिनिशला, दुसरी सड्यावर, कारण तिथून मूल उचलून आणायला वेळ लागतो. एखादं मूल भेलकांडायला लागलं, बडबडायला लागलं, भलतंच बोलायला लागलं तर तो नुसता थकवा समजू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, मान काख जांघ इथे बर्फाची पिशवी, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

दमा असलेल्या मुलांची यादी प्रत्येक शाळेकडून आधी मागवा, पंप मुलाच्या शिक्षकांकडे असला पाहिजे, बसमध्ये राहिलेल्या बॅगेत नको. आणि सड्यावर मोबाईलला रेंज येते का ते आधी जाऊन बघा! रेंज नसेल तर एक स्कूटरवाला पालक तिथेच उभा ठेवा.

पेडण्याहून

पाण्याच्या टेबलाबद्दल. तिथे चार माणसं पुरे, चौदा नकोत. नळाचे दोन मोठे ड्रम, स्टीलचे ग्लास, धुवायला दोन बादल्या, प्लास्टिकच्या बाटल्या शेतात पडल्या तर पुढच्या वर्षी शेतकरी परवानगी देणार नाही आणि बरोबर आहे त्याचं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एक हेच माप, "जरा दाट करूया" म्हणून कमी पाण्यात घालू नका. आमच्याकडे कोकम सरबत मीठ घालून केलेलं मुलं आवडीने पितात. खायला रेस झाल्यावर भाजी-पाव, धावण्याआधी फक्त केळं आणि तेपण तासभर आधी.

रविवार आहे तर डांबरी रस्त्याचं बघा हां. सकाळी चर्चमध्ये मीसला (प्रार्थनेला) जाणाऱ्यांच्या गाड्या असतात, आणि जत्रांचे दिवस असतात, गावात त्या दिवशी काही आहे का ते देवळात विचारून घ्या. पोलीस स्टेशनला आधी अर्ज देऊन एक ट्रॅफिकवाला मागा. त्याच्या जोडीला दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी माणसं, झेंडे घेऊन, मुलांना तिथे उभं करू नका. बालरथ (आपल्या शाळेच्या बसेस) आणि बाहेरच्या शाळांच्या बसेस कुठे लावायच्या ह्यालाही दोन पालक लागतात, नाहीतर ॲम्ब्युलन्सची वाटच बसेसनी अडते.

फोंड्याकडची आई

किती आभार मानू कळत नाही. काल संध्याकाळी मी आणि तीन पालक पूर्ण राउंड चाललो. वळणं अकरा निघाली, त्यातली चार कुळागराजवळ. तिथे पाटाच्या कडेला शेवाळ आहे, हातभर पट्टा खूपच निसरडा. आणि शेतात बांध आहेत, धसकटं पण टोकदार आहेत, काही मुलं अनवाणी धावतात म्हणे. ह्याचं काय करू?

एक पालक म्हणतायत टायमिंगचं मोबाईल ॲप आहे, कार्डं कशाला. सर, तुमचं काय मत?

जुने पीटी सर, डिचोली

ॲप वापरा की, पण कागद सोडू नका. रेंज गेली, बॅटरी गेली, एक बोट चुकून दाबलं गेलं, की मागून सगळे नंबर एकाने सरकतात. कार्ड मुलाच्या हातात असतं, तो स्वतः सांगतो माझा सतरावा.

शेवाळाच्या पट्ट्यावर आदल्या दिवशी ब्रश मारून घ्या आणि वर जाडी रेती टाका, तिथे एक माणूस उभा करा. शेतात पूर्ण शेत साफ करायची गरज नाही, तीन मीटरची पट्टी कोयत्याने जमिनीलगत कापून घ्या, बांधावर मातीच्या गोणी टाकून उतार करा. अनवाणी धावणाऱ्यांच्या शाळांना आधीच कळवा वाट कशी आहे, आणि शनिवारी येऊन राउंड चालायची मुभा सगळ्यांना द्या. यजमान शाळेच्या मुलांना वाट पाठ असते, पाहुण्यांना पण तेवढी संधी मिळाली पाहिजे.

तुमचे आकडे मांडतो. वळणांवर अकरा, शेवाळापाशी एक, रस्त्यावर चार, फिनिशला नऊ, सुरुवातीला चेस्ट नंबर आणि हजेरीला चार, पाण्याला चार, फर्स्ट एडला तीन, पार्किंगला दोन, शेवटच्या मुलामागे एक. झाले ३९. दोघं कुठेही न नेमता हातात ठेवा. रेस चालू असलेल्या मुलांच्या आईबाबांच्या जागी त्यांना फिरवता येईल. कमी पडले तर रेस सुटल्यावर चेस्ट नंबरवाले मोकळे होतात, त्यांना घ्या.

धावणाऱ्या मुलीचा बाबा

ताई, मी रविवारी मोकळा आहे, मुलगी आता कॉलेजात गेली. कुळागराजवळचं एखादं वळण मला द्या. सहाला पोचतो.

फोंड्याकडची आई

दिलं! सात नंबरचं वळण तुमचं, तिथेच दोन वाटा फुटतात. मुलीलाही घेऊन या, मुलींच्या रेसला शेवटच्या मुलीसोबत ती धावली तर आम्हाला फार बरं वाटेल. सड्यावर ज्यांची गुरं चरतात त्या आजोबांना भेटून आले आत्ता, म्हणाले त्या दिवशी दहापर्यंत गोठ्यात बांधून ठेवतो. देव बरें करूं सगळ्यांचं.