नाताळ, केक आणि ऑफरचा मारा : तुम्हालाही वीट येतो का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,
डिसेंबर लागला की सोलापुरात खाण्याचे दिवस सुरू होतात. थंडी पडते, हुरडा येतो, लग्नं असतात, मग नाताळ, मग थर्टी फर्स्ट आणि जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा, म्हणजे त्या यात्रेची जत्रा. खाण्यावर माझा राग नाही. पण गेली काही वर्षं नाताळ जवळ आला की वीट येतो तो या 'खा खा' म्हणून मागं लागण्याचा. सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत केकचे फ्लेक्स, सकाळच्या पेपरात पँप्लेट, आणि रात्री जेवून हात धुतला की मोबाईलवर मेसेज, भूक लागली का, एकावर एक फ्री, फक्त आज रात्रीपर्यंत. ज्यांच्या घरात नाताळ नाही त्यांनाही वाटायला लागतं की केक आणला नाही तर पोरांचं काहीतरी राहून जाईल. आणि सण कुणाचा, कशासाठी, ते या फ्लेक्सवर कुठंच नसतं.

हे मला एकट्यालाच होतंय का? तुमच्या घरचं, कामावरचं, बाहेरगावचं जे असेल ते लिहा. धर्मावरून भांडण मात्र नको.

करंजीचा_डबा :
आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून सोलापूरचेच. बरं वाटलं कुणीतरी हा विषय काढला.

आमच्याकडं नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, चिवडा, कुणाला जमले तर अनारसे. केक असायचा पण ताटाच्या एका कोपऱ्यात. बायका एकेका घरी जमायच्या, आज आमच्याकडच्या करंज्या, उद्या मावशीकडच्या, आणि दिवाळीला शेजारच्या काकूंकडून जेवढे डबे आले तेवढे नाताळला भरून परत जायचे, रिकामा डबा द्यायचा नाही ही आईची सक्त ताकीद होती. रात्री कॅरलवाली मंडळी यायची, पेटी, ढोलकी, दोन गाणी, प्रार्थना, चहा-चिवडा की लगेच पुढच्या घरी.

लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, नाताळच्या आधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ असतो. वाट बघायची, प्रार्थना करायची, मनाची तयारी करायची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर नाताळच्या आधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. म्हणजे आधी आवरायचं आणि मग सण करायचा. आता उलटं झालंय, नोव्हेंबर संपायच्या आतच केक आणि पार्ट्या सुरू, २५ तारीख येईपर्यंत तोंडाला चव राहत नाही. जुन्या रीतीनं सण २५ ला सुरू होऊन ६ जानेवारीपर्यंत चालतो, पण दुकानात २६ लाच सगळं उतरवलेलं असतं.

मला दुखतं ते हे की ज्याचा जन्म झाला त्याच्या आईबापाला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, बाळ गव्हाणीत ठेवलं होतं. आणि त्याच्या नावानं अनलिमिटेड बुफेचं फ्लेक्स लागतं. ऑफिसातले चांगल्या मनाचे लोकसुद्धा आधी "पार्टी कधी" विचारतात. मी बोलत नाही काही, पण वाईट वाटतं.

भट्टीवाला :
मी बेकरीत होतो, कुठल्या ते सांगत नाही. लोकांना फक्त काउंटर दिसतो म्हणून आतलं सांगतो. प्लम केकची तयारी लई आधी सुरू होते, मनुके, काळे बेदाणे, खजूर भिजत घालायचे, कुठं रममध्ये, आपल्याकडं जास्त करून संत्र्याच्या रसात कारण एगलेस आणि बिनदारूचाच खपतो. साखर जाळून काळा पाक करायचा, रंग त्याचाच. दालचिनी, लवंग, जायफळ. तो लाल-हिरवा टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. नीट केला तर प्लम केक फार चांगला पदार्थ आहे, टिकतो पण, आणि मला तो करायला मनापासून आवडायचा.

पण खप त्याचा नसतोच बघा, खप क्रीमच्या केकचा. ते क्रीम दुधाचं असतं असं गिऱ्हाईक समजतं, बहुतेक ठिकाणी ते वनस्पती फॅटचं फेटलेलं टॉपिंग असतं. नाताळच्या आधीच्या रात्री आम्ही झोपायचोच नाही, मालकाचं म्हणणं काउंटर भरलेला दिसला पाहिजे, रिकामी ट्रे दिसली की माणूस आत येत नाही, म्हणून ऑर्डरपेक्षा कितीतरी जास्त माल काढायचा. २६ ला सकाळी सांताचे टॉपर काढायचे आणि हॅपी न्यू इयरचे लावायचे. जो अगदीच उतरला तो फेकायचा. पोत्यानं मैदा, अंडी, साखर आणि आमची झोप, सगळं कचऱ्याच्या गाडीत जाताना बघितलंय. तेव्हापासून व्हॅनिलाच्या वासानं मळमळतं, अजून.

लेस्टरहून_सोलापूरकर :
इकडं इंग्लंडमध्ये तर मिन्स पाय सप्टेंबरमध्येच दुकानात येतात. (आत सुकामेवा आणि मसाला असतो, खिमा नाही.) नोव्हेंबरमध्ये मोठ्या दुकानांच्या टीव्हीवरच्या जाहिराती येतात आणि त्या जाहिरातींचीच बातमी होते, कुणाची बघून रडू आलं वगैरे. ऑफिसात चॉकलेटचे डबे महिनाभर उघडेच. अॅडव्हेंट कॅलेंडर म्हणून २४ खिडक्यांचा पुठ्ठा असतो, रोज एक खिडकी उघडायची, बहुतेकांत आत चॉकलेटच. करंजीचा_डबा ताईंनी सांगितलेला वाट बघण्याचा काळ असा रोज एक चॉकलेट खाऊन जातो.

२५ ला टर्की, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स, पुडिंग, आणि नंतर सगळे सोफ्यावर आडवे. मग टर्कीचे सँडविच, टर्कीचं सूप, टर्कीची करी. त्याच सुपरमार्केटच्या दारात फूड बँकेची (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्यांची) पेटी असते, त्यात लोक पास्ता, डबाबंद बीन्स टाकतात, ती रिकामी व्हायची वाट बघणारी घरं माझ्याच गल्लीत आहेत. हे दोन्ही एका दारातून जाताना बघितलं की घशाखाली उतरत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, २००४ च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकानं २५ डिसेंबरला बंद ठेवावीच लागतात. त्या दिवशी फारसं कुणी काही विकत नाही, माणसं नुसती चालायला बाहेर पडतात, अनोळखी माणूस पण हसून बोलतो.

नवीपेठ :
सांताला लाल कपडे कोका-कोलानंच घातले ना? म्हणजे सगळा जाहिरातीचाच खेळ.

लेस्टरहून_सोलापूरकर :
नाही हो, लाल कपड्यातला सांता त्याच्या आधीपासून होता, अमेरिकेत थॉमस नास्टनं १९ व्या शतकातच काढलेला. कोका-कोलानं १९३१ पासून हॅडन सुंडब्लॉमकडून चित्रं काढून घेतली, त्यातला तो गुबगुबीत, हसरा आजोबा जगभर पोचला. पण जाहिरातीनं अख्खी पद्धत पडल्याचं उदाहरण हवं तर जपान घ्या. तिथं ख्रिस्ती लोक एक-दोन टक्केच, पण १९७४ मध्ये केएफसीनं नाताळला चिकनची मोहीम काढली आणि आता लोक आधीपासून बुकिंग करून त्या दिवशी तळलेलं चिकन नेतात.

जुळे_सोलापूर :
माझ्या वडिलांना शुगर आहे. ते स्वतःला आवरतात, पण फोन आवरू देत नाही. त्यांनी एकदा नातवासाठी केक मागवला, तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांना चकचकीत फोटो येतात. मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, अपडेट आल्यावर परत सुरू. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात आलं होतं की देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांच्या खिशात दुकान ठेवलंय आणि ते रात्रंदिवस हाका मारतंय. याला सण म्हणत नाहीत.

घरकुलची_लेक :
थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

आई विड्या वळायची, आम्ही कुंभारीच्या विडी कामगार घरकुलात वाढलो. पानं कापायची, तंबाखू भरायची, हजार विड्या झाल्या की मग कुठं मजुरी. आईच्या कारखान्यातली एक ख्रिस्ती मावशी नाताळला आमच्यासाठी केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून आणायची, आम्ही भावंडं तो चमच्यानं वाटून घ्यायचो. तो गोड तुकडा आमच्यासाठी खूप मोठा होता. म्हणून कुणी केकला नावं ठेवली की मला त्रास होतो. वर्षभर पोट मारलेल्या माणसानं सणाला हात सैल सोडला तर त्याला काही बोलू नये. नावं ठेवायची तर जे फेकतात आणि जे फेकण्याइतकं घ्यायला लावतात त्यांना ठेवा. आणि फक्त नाताळच कशाला, आपल्या लग्नातले पंचवीस काउंटर बघा की.

करंजीचा_डबा :
अगदी खरं. त्या मावशीसारखंच आम्हाला हवंय, वाटून खाणं.

आगटी :
लग्नाचं निघालंच आहे तर हुरड्याचं पण लिहितो. आमची शेती मंगळवेढ्याकडं, मालदांडी ज्वारीची. हुरडा म्हणजे आगटीभोवती बसायचं, कणसं भाजायची, हातावर चोळायची, गरम दाणे, शेंगाची चटणी, गूळ, दही, झालं. पोट भरतं आणि जड होत नाही. आता २५ ते १ तारखेची पॅकेजं निघालीत, हुरडा अनलिमिटेड, वर पनीर, चायनीज, केक कटिंग, सांताची टोपी, डीजे. पाहुणे हुरडा मूठभर खातात आणि ताटं भरून टाकून जातात. कोवळं कणीस कापलं की तिथं ज्वारी होत नाही, एवढं तरी लक्षात ठेवून खावं माणसानं. यंदा मी पॅकेजवाल्याला शेत दिलं नाही. घरचे नाराज आहेत, पैसे बरे मिळत होते.

खडू_फळा :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडं नाताळ साजरा करायचा म्हणून पालकांच्या ग्रुपवर मेसेज जातो, लाल ड्रेस, टोपी, आणि डब्यात केक किंवा चॉकलेट. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं आहेत वर्गात. एक मुलगी त्या दिवशी गैरहजर राहिली, दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली लाल फ्रॉक नव्हता. त्या सणात मेंढपाळांना आधी बातमी कळाली असं आम्हीच गोष्टीत सांगतो आणि वर्गातल्या मेंढपाळाच्या पोरीला घरी बसवतो. मी मुख्याध्यापकांकडं गेले, ते म्हणाले वेगळं काही सुचवा, बघू. करंजीचा_डबा ताई, तुम्ही शाळेत येऊन मुलांना नाताळची गोष्ट आणि एखादं गाणं सांगाल का?

धागाकर्ता :
वाचतोय सगळं. घरकुलच्या ताईंचं म्हणणं पटलं. केक फेकला जातो तिथं बोलायचं, ज्याच्या हातात तुकडा पडतो त्याला नाही. पँप्लेटवाल्याला सांगून आमच्या अपार्टमेंटच्या खाली वाटणं बंद केलंय, एवढं तरी जमलं. अजून कुणाचे अनुभव असतील तर लिहीत राहा.

करंजीचा_डबा :
खडू_फळा, येईन की, आनंदानं. पेटी माझी मी आणते. मराठीतलीच दोन कॅरल शिकवू, मुलांना लगेच उचलता येतात. खायला मी शेंगदाण्याचे लाडू करून आणेन, गुळातले, सगळ्यांना एकेक. फक्त शाळेकडून आधीच ग्रुपवर टाकायला सांगा की कुणी काही आणायचं नाही आणि रोजच्या गणवेशातच यायचं.